सरळ काढलेला चेहरा

"हनुवटी जरा वर," गद्रे बाई म्हणाल्या आणि एका बोटानं त्यांनी माझं तोंड खिडकीकडं वळवलं. "हां. आता हलू नकोस."

मी हलले नाही. शाळेच्या हॉलमध्ये दोन मोठी टेबलं जोडून त्यावर खुर्ची ठेवली होती आणि त्या खुर्चीत मी बसले होते. खाली सतरंजीवर दुसरीची पोरं माना वर करून माझ्याकडं बघत होती. त्यांच्यापुढं जुनी कॅलेंडरं, मासिकं, बोथट कात्र्या आणि खळीच्या वाट्या. एक पोरगी बराच वेळ माझ्याकडं निरखून बघत होती. तिनं मला विचारलं, ताई, तुमचं तोंड असं का. मी सांगितलं की लहानपणी माझ्या तोंडावरून वारं गेलं. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "मग परत आलं का?"

"नाही आलं," मी म्हणाले.

तिला ते पटलं. तिनं कॅलेंडरमधल्या एका देवीचा डोळा कापला आणि कागदावर चिकटवला.

मी तेव्हा नववीत होते. वारं गेलं तेव्हा पाच वर्षांची. ताप आला, उजवा कान वाहिला आणि एका सकाळी उठले तर तोंडाची उजवी बाजू लोंबत होती. आईनं शेक दिले, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्तसुद्धा चोळलं, मग मिरजेला दाखवलं. थोडं सुधारलं, बाकीचं राहिलं ते राहिलंच. माझा उजवा डोळा पुरता मिटत नाही. गप्प बसले तर लांबून कळत नाही, पण हसले की सगळं तोंड डावीकडं ओढलं जातं आणि उजवा गाल दुसऱ्या कुणाचा असावा तसा जागच्या जागी राहतो.

अशा तोंडाकडं लोक एकदा बघतात आणि लगेच दुसरीकडं बघतात. वाण्याच्या दुकानात, लग्नात, शाळेत, सगळीकडं तेच. मला त्याची इतकी सवय झाली होती की समोरच्याची नजर कुठल्या क्षणी सरकणार ते मला आधीच कळायचं. आणि त्या हॉलमध्ये शंभरेक डोळे माझ्याकडं बघत होते आणि सरकत नव्हते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बघा, नीट बघा. मला काय वाटलं ते आता सांगितलं तर खोटं वाटेल. मला वाटलं की आपण कुणीतरी आहोत.

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. तिथल्या घराघरातली माणसं गलाईच्या धंद्याला बाहेर. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. माझे आण्णा सेलमला होते. जत्रेला यायचे, दिवाळीला कधी यायचे कधी नाही. घरी आई आणि मी. घर शांत असायचं. शेजारच्या घरातून हसण्या-खिदळण्याचे आवाज यायचे, आमच्या घरात रेडिओ लागला तरी बातम्यांपुरता. आण्णा बाहेर असतात, म्हणून असं असेल, असं मी समजायचे.

गद्रे बाई पुण्याच्या. त्यांच्या नवऱ्याची बँकेतून आमच्या गावात बदली झाली आणि त्याच सुमाराला आमचे चित्रकलेचे सर निवृत्त झाले, म्हणून त्या शाळेत आल्या. जुने सर फळ्यावर फुलदाणी काढायचे आणि आम्ही ती उतरवायची. बाईंनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं, घनवाद. मग सांगितलं की आपण माणूस कधी एकाच बाजूनं बघत नाही. समोरून बघतो, बाजूनं बघतो, तो वळतो, बोलतो, आणि हे सगळं मिळून तो आपल्या डोक्यात राहतो. परदेशात काही चित्रकारांनी ठरवलं की हे सगळं एकाच चेहऱ्यात काढायचं. नाक बाजूचं, डोळे समोरचे, एक गाल उजेडातला, एक अंधारातला. त्या बोलायच्या तेव्हा हात हवेत असे कापत जायचे की आम्हाला तो चेहरा समोर दिसायचा. मी त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकला असता.

त्यांनी मोठा घाट घातला. दुसरी, सहावी आणि नववी, तिन्ही वर्गांनी एकच चेहरा काढायचा, ज्याच्या-त्याच्या वयाप्रमाणं. लहानांनी मासिकांतले डोळे, नाकं, ओठ कापून चिकटवायचे. सहावीच्या मुलांनी एकदा समोरून आणि एकदा बाजूनं चेहरा काढायचा, मग दोन्ही कागद कापून एक करायचे. नववीनं माझ्याभोवती फिरत, ठिकठिकाणी थांबत, तपकिरी आणि करड्या रंगात चेहऱ्याचे तुकडे बसवायचे. शेवटी प्रदर्शन. आणि नववीतल्या सगळ्यात चांगल्या चित्रकाराला बाई उन्हाळ्यात पुण्याला एका शिबिराला नेणार होत्या, स्वतःच्या माहेरी ठेवून.

चेहरा कुणाचा, तर त्यांनी वर्गात नजर फिरवली आणि माझं नाव घेतलं. उज्ज्वला सुर्वे. तू शांत बसतेस म्हणून, असं त्या म्हणाल्या.

शिबिराला कोण जाणार याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती. जरीना मुल्ला. पहिलीपासून माझ्या बाकावर बसणारी जरीना वहीच्या शेवटच्या पानावर कुणाचंही तोंड काढायची आणि ते तोंड त्याच माणसाचं असायचं. तिचे वडील, मुल्लाचाचा, पेठेत शिलाईचं दुकान चालवायचे. पोरीला परगावी पाठवायला ते कधी तयार झाले नसते, पण बाई त्यांच्या दुकानात जाऊन बसल्या, आपल्या घराची, आपल्या आईची माहिती दिली, आणि चाचा म्हणाले की बाई स्वतः नेणार असतील तर जाऊ दे. त्या दिवसापासून जरीना शाळेत यायची ती उडत. पुण्यात चित्रकलेचं कॉलेज असतं, दहावीनंतर तिथं जाता येतं, हे ती मला रोज नव्यानं सांगायची.

महिनाभर शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या खुर्चीत बसले. आधी लहान, मग सहावी, मग माझाच वर्ग. सहावीची पोरं मला बघून एकमेकांना कोपरखळ्या मारायची, पण बाई वळल्या की गप्प व्हायची. बाई मधूनच खालून म्हणायच्या, "उज्ज्वला, जरा हस बघू." मी हसायचे. बाई मुलांना सांगायच्या, बघा, आता रेषा कशा बदलल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला दुसरं कुणी हस म्हणायचं नाही, एवढंच मला माहीत होतं.

शेवटच्या शनिवारी नववीची चित्रं गोळा झाली. बाई एकेक बघत होत्या. जरीनाच्या चित्रापाशी त्या थांबल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

चित्र मी बघितलं. तुकडे होते, कोन होते, उजेड-अंधार होता, सगळं बाईंनी शिकवलेलं. पण तोंड सरळ होतं. समोरून सरळ, बाजूनं सरळ. दोन्ही डोळे सारखे. दोन्ही गाल एकाच माणसाचे. एखाद्या मासिकातल्या मुलीसारखी मी नीटनेटकी दिसत होते, आणि मी दिसत नव्हते.

बाईंनी तिला विचारलं, हे तू काय काढलंस. जरीना खाली बघत उभी राहिली. बाई म्हणाल्या की सगळ्यात जास्त अपेक्षा मला तुझ्याकडून होती, आणि तू समोर बसलेल्या मुलीकडं बघितलंच नाहीस. "जे दिसतं ते काढायला धीर लागतो, जरीना. तो तुझ्यात नाही." एवढं बोलून त्यांनी चित्र तिच्या हातात परत दिलं. ते प्रदर्शनात लागणार नव्हतं.

घरी जाताना मी जरीनाला दहा वेळा विचारलं, असं का केलंस. ती म्हणाली की नाही जमलं. मला तिचा राग आला. मला वाटलं, हिलासुद्धा माझ्याकडं नीट बघवलं नाही.

प्रदर्शनाला आई यायला निघाली याचंच मला नवल वाटलं. ती शाळेत कधी यायची नाही. त्या दिवशी तिनं आण्णांनी सेलमहून आणलेली हिरवी साडी नेसली, माझी वेणी स्वतः घातली आणि आम्ही गेलो. हॉल गच्च भरला होता. तिन्ही भिंतींवर मी होते. लहानांच्या चित्रांत माझं तोंड कानापर्यंत गेलेलं, लालभडक, एक डोळा देवीचा तर एक कुठल्याशा बिस्किटाच्या जाहिरातीतल्या बाळाचा. सहावीच्या चित्रांत पोरांनी हात मोकळा सोडला होता. एकानं तोंडाच्या जागी उघडी कात्री काढली होती, एकीनं उजवी बाजू सगळी काळी करून टाकली होती. लोक त्यापुढं थांबून हसत होते. नववीची चित्रं हुशारीनं काढलेली होती आणि प्रत्येकात ओठ डावीकडं घसरलेले होते.

आई कुणाशी न बोलता भिंतीच्या कडेनं चालली होती. एका चित्रापुढं थांबायची, खालचं नाव वाचायची, पुढं जायची. सगळी भिंत झाली तशी ती मागं फिरली आणि पुन्हा पहिल्यापासून नावं वाचू लागली. मी तिला म्हटलं, आई, सगळी बघून झाली की. तिनं ऐकलं नाही.

तेवढ्यात गद्रे बाई पाहुण्यांना घेऊन आमच्या बाजूला आल्या. पाहुणे जिल्ह्याच्या गावाहून आलेले कुणी मोठे कलाशिक्षक होते. मागं गळ्यात कॅमेरा अडकवलेला वार्ताहर. बाईंची पाठ आमच्याकडं होती. पाहुण्यांनी विचारलं की एवढ्या लहान मुलांना एवढी अवघड गोष्ट तुम्ही कशी समजावलीत.

"समजवावी लागलीच नाही," बाई आनंदानं म्हणाल्या. "मॉडेलच तसं मिळालं. चेहऱ्याच्या दोन बाजू दोन दिशांना. मुलांनी नुसतं बघितलं आणि त्यांना घनवाद कळला. शहरात शोधून सापडली नसती अशी मुलगी, इथं आयती वर्गात बसलेली होती."

मग त्या वळल्या आणि त्यांना मी दिसले. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. त्यात वाईट काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी माझा हात धरून मला पुढं घेतलं आणि पाहुण्यांना सांगितलं, हीच ती. वार्ताहरानं कॅमेरा वर केला. बाई मला म्हणाल्या, "उज्ज्वला, हस जरा. यांना दाखव."

मी हसले. हे मी आजही विसरले नाही, की ऐकलेलं सगळं कळूनसुद्धा त्यांनी सांगितल्याबरोबर मी हसले.

आईनं माझा दुसरा हात धरला. ती मोठ्यानं बोलली नाही, पण आजूबाजूची माणसं वळून बघू लागली.

"बाई, तिला हसाय लावू नका," ती म्हणाली. "घरात आमी बी लावत न्हाई. नऊ वर्सं झाली, तिच्यापुढं आमी हसण्यासारकं काय बोलत न्हाई."

बाई काहीतरी म्हणाल्या, तुम्ही चुकीचं समजताय, असं काहीतरी. मी ते ऐकत नव्हते. बाईंचं बोलणं लागलं होतं, पण ते बाहेरचं होतं. आईचं वाक्य आमच्या घरातून आलं होतं. माझ्या आठवणीत आण्णा म्हणजे जेवताना खाली मान घालून जेवणारा माणूस. लहानपणी ते मला मांडीवर घेऊन नकला करायचे, हे मला पुसट आठवायचं आणि ते स्वप्न असेल असं वाटायचं. ते स्वप्न नव्हतं. त्या दोघांनी मिळून ठरवलं होतं. माझं तोंड वाकडं होऊ नये म्हणून त्यांनी घरातलं हसणं बंद केलं होतं, आणि मी त्याला शांत घर समजत आले होते.

आम्ही बाहेर पडलो. बाजार उठत होता. बऱ्याच वेळानं आईनं विचारलं, "जरीनाचं चित्र कुठं लावलं न्हवतं?"

मी सांगितलं की बाईंनी ते नापास केलं, कारण तिनं तोंड सरळ काढलं होतं.

आई चालायची थांबली.

मग तिनं सांगितलं. शेजारची दुसरीतली पोरगी चिकटवलेला कागद घरी घेऊन आली होती, उज्ज्वलाताईचं तोंड म्हणून सगळ्या गल्लीला दाखवत होती. तो कागद बघून आईला कळलं की शाळेत काय चाललंय. हे बंद कर म्हणून ती मला सांगणार होती, पण मी शनिवारची वाट बघायचे, सकाळपासून आरशासमोर उभी राहायचे. ते तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. तेव्हा ती मुल्लाचाचांच्या दुकानात गेली आणि मशीनपाशी बसलेल्या जरीनाला तिनं बाजूला बोलावलं.

"एवढ्या भिंतीवर एक तरी सरळ असू दे म्हटलं," आई म्हणाली. "तेवढंच बघाय आल्ते मी."

तिला शिबिराचं ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. ठाऊक नसावं. मी सांगितलंही नाही.

फोटो पेपरात आला. वार्ताहराला हवा होता तसा, हसतानाचा. आमची चित्रं जिल्ह्याला गेली, तिथं पहिली आली, बाईंना शाल-श्रीफळ मिळालं. मे महिन्यात नववीतली दुसरीच एक मुलगी त्यांच्याबरोबर पुण्याला गेली. जून उजाडला तेव्हा बाईंच्या नवऱ्याची बदली झाली होती. त्या परत आल्या नाहीत. पुण्याला जायच्या आधी वाटेत भेटल्या तेव्हा त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि तू फार मोठं काम केलंस असं म्हणाल्या. ते त्या मनापासून म्हणाल्या, हे मला जास्त लागलं.

जरीनाला मला सगळं कळलंय हे मी सांगितलं नाही. तिनंही कधी विषय काढला नाही. आम्ही त्याच बाकावर बसून दहावी केली. वहीच्या शेवटच्या पानावर ती आता काही काढत नव्हती. दहावीनंतर चाचांनी तिला दुकानात बसवलं आणि मी कराडला कॉलेजात गेले. पुढं तिथंच नोकरी लागली. लग्न झालं नाही. स्थळं यायची तेव्हा आई मला अशी बसवायची की पाहुण्यांकडं माझी डावी बाजू राहील, आणि पाहुणे चहा पीत असताना कुणी गमतीचं बोललं की तीच घाईनं विषय बदलायची.

आई गेली त्या वर्षी मी घर आवरायला गावी गेले होते. पेठेत जरीनाचं दुकान दिसलं. चाचा गेले होते, पाटीवर तिचं नाव होतं. तिनं मला आत बसवलं, चहा मागवला. पाऊण तास आम्ही माणसांच्या चौकश्या केल्या. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं की आईनं तुझ्याकडं काय मागितलं ते मला प्रदर्शनाच्याच दिवशी कळलं होतं. तिनं तुझ्याकडं ते मागायला नको होतं.

जरीना ब्लाउजला काजं करत होती. तिनं दोरा दातानं तोडला.

"रडत हुती गं ती," ती म्हणाली. "मोठं माणूस माझ्यापुढं रडतंय, मी न्हाई कसं म्हणू?"

मी म्हटलं, पण तुझं शिबिर गेलं, पुण्याचं कॉलेज गेलं.

ते गेलंच असतं, असं ती म्हणाली. चाचांनी शिबिराला होकार दिला, कॉलेजला दिला नसता. ते तिनं इतकं सहज सांगितलं की मला वाटलं, झालं, हिच्या मनात काही उरलेलं नाही. मी उठायच्या बेतात होते. तेव्हा ती खाली बघतच म्हणाली, "येक सांगू का? बाई म्हणाल्या, तुझ्यात धीर न्हाई. ते डोक्यातनं जात न्हाई. पहिलीपास्नं मी तुझ्या उजव्या बाजूला बसायचे. ती बाजू माझ्याएवढी कुणी बघितलीच न्हाई. वाकडं मी लई चांगलं काढलं असतं उजे. त्या सगळ्यांपेक्षा चांगलं."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"मग आता काढ की," मी म्हटलं. "मी बसते."

तिनं वर बघितलं. माझ्या तोंडाकडं, उजव्या बाजूकडं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं ती कागद मागवणार.

"आता न्हाई येत," ती म्हणाली, आणि सुईत नवा दोरा ओवायला लागली.